यूएसडीएचं (अमेरिकेच्या शेतकी खात्याचं) रूरल होम लोन कुणी घेतलंय का? (गाव लहान, पगार दोन, बोअरचं पाणी)

ओवी_विस्कॉन्सिन

नमस्कार मंडळी. आम्ही विस्कॉन्सिनमधल्या एवढ्याशा गावात राहतो. एक सिग्नल, दोन चर्च, एक फीड मिल आणि मी जिथे फिजिओथेरपिस्ट आहे ते पंचवीस खाटांचं हॉस्पिटल, संपलं गाव. नवरा शेजारच्या गावात चीजच्या कारखान्यात क्वालिटी लॅबमध्ये असतो. दोघांची ग्रीन कार्डं गेल्या वर्षी आली, तेव्हापासून भाड्याच्या घरात जीव रमेनासा झालाय. मुलं दोन, सात आणि तीन वर्षांची.

गावाबाहेर एक घर मनात भरलंय. १९६४ सालचं, तीन एकर जागा, मागे लाल रंगाचं जुनं बार्न (गोठा-कोठार). पाणी बोअरचं, सांडपाण्याला सेप्टिक टाकी. किंमत २,४०,००० डॉलर. रिअल्टर बाई म्हणतात, यूएसडीएचं लोन घ्या, डाउन पेमेंट शून्य, सरकारची गॅरंटी आहे. नवरा म्हणतो, सरकार कुणाला फुकट काही देत नाही, कुठेतरी ग्यानबाची मेख असणार.

माझ्या शंका: आमचं दोघांचं मिळून वर्षाचं १,२२,००० होतं. त्यात माझं महिन्यातून दोन शनिवार-रविवार नर्सिंग होमचं पीआरएन (गरज लागेल तेव्हा बोलावतात ते) काम आणि त्याचा ओव्हरटाइम आलाच. उत्पन्नाची मर्यादा असते म्हणे, मग नवऱ्याचं नाव लोनवर घातलंच नाही तर? दुसरं, पुण्यात आमचा एक फ्लॅट आहे, त्याची काही अडचण? आणि तिसरं, बार्न आहे म्हणून ते 'फार्म' धरतील का? मला परसात भाजी लावायची आहे, पुढेमागे चार कोंबड्याही. अंडी जास्त झाली तर रस्त्यावर पाटी लावून विकेन इतकंच, डेअरी काढायची नाहीये.

ज्यांनी स्वतः घेतलंय त्यांनी कृपया लिहा. लेंडरच्या वेबसाइट वाचून वाचून डोकं आंबलंय.

जर्सीचा_जावई

शेतकी खातं घराला कर्ज देतं हे आजच कळलं! ते फक्त शेतकऱ्यांना असेल ना? माझं मत विचाराल तर अजून दोन वर्षं थांबा, २० टक्के जमवा आणि सरळ कन्व्हेन्शनल (सरकारी हमी नसलेलं नेहमीचं लोन) घ्या. सरकारी काम आणि सहा महिने थांब, हे इथेही खरंच असतं.

मक्याच्या_मधोमध

जावईबापू, जर्सीत बसून दोन वर्षं थांबा म्हणणं सोपं आहे. गावाकडे विकाऊ घरं वर्षात मोजून चार निघतात. नावाचं म्हणाल तर १९४९ च्या हाउसिंग अ‍ॅक्टमध्ये हे कर्ज शेतावरच्या घरांसाठीच होतं. १९६१ मध्ये गावाकडे राहणाऱ्या बिगरशेतकऱ्यांनाही खुलं झालं, आणि खातं तेच राहिलं.

ओवीताई, मी इलिनॉयच्या मध्यावर, तिन्ही बाजूंनी मका असलेल्या घरात राहतो. २०१८ मध्ये याच लोनवर घेतलं. जरा विस्ताराने लिहितो, चहा घेऊन बसा.

आधी 'सरकारची गॅरंटी' म्हणजे काय ते. पैसे तुमचा लेंडर देतो, सरकार नाही. तुम्ही हप्ते थकवले आणि घर विकूनही तूट राहिली, तर मूळ कर्जाच्या ९० टक्क्यांपर्यंतची हमी सरकार *लेंडरला* देतं. तुम्हाला कसलीच गॅरंटी नाही. पण त्या हमीमुळे लेंडर डाउन पेमेंट मागत नाही, हा तुमचा फायदा. मुदत ३० वर्षं आणि व्याजदर कायम एकच; दुसरा प्रकार यात मिळतच नाही. ग्रीन कार्डवाल्यांना चालतं, एच-वनवाल्यांना नाही, त्यामुळे तुम्ही वेळेवर आलात.

हमीची किंमत मात्र तुम्हीच मोजायची. सुरुवातीला १ टक्का फी, ती कर्जातच मिसळता येते. तुमच्या घराला २,४०,००० चं कर्ज काढलंत तर फी धरून ते २,४२,४२४ होईल. शिवाय दरवर्षी उरलेल्या मुदलावर ०.३५ टक्के, ती बारा तुकड्यांत हप्त्याबरोबर जाते. तुमच्या बाबतीत पहिल्या वर्षी महिन्याला साधारण ७० डॉलर. तुमच्या यजमानांना हवी असलेली मेख ती हीच: कन्व्हेन्शनलचा पीएमआय (डाउन पेमेंट कमी असलं की लागणारा विमा) मुद्दल पुरेसं फिटलं की निघतो, ही वार्षिक फी मात्र लोन संपेपर्यंत किंवा रिफायनान्स करेपर्यंत चिकटलेली राहते. तरी एफएचएशी (सरकारी हमीचं दुसरं होम लोन) ताडून बघा. तिथे ३.५ टक्के म्हणजे ८,४०० रोख आधी टाका, वर १.७५ टक्के फी, वर दरवर्षी ०.५५. माझ्या हिशेबात यूएसडीए सरळसरळ स्वस्त पडलं.

आता उत्पन्न, कारण तुमचं घोडं तिथेच अडणार आहे. २०२५ च्या तक्त्यात बहुतेक काउंट्यांना एक ते चार माणसांच्या कुटुंबासाठी १,१९,८५० ही मर्यादा आहे, पाच ते आठ माणसांसाठी १,५८,२५०. महागड्या काउंट्यांना जास्त असते, तुमची कोणती ते त्यांच्या साइटवर बघा, आणि चालू वर्षाचाच तक्ता बघा. म्हणजे तुम्ही दोनेक हजारांनी वर आहात. नवऱ्याला कागदावरून काढून उपयोग नाही: घरात राहणाऱ्या प्रत्येक सज्ञान माणसाची कमाई मोजतात, त्याची सही असो वा नसो. उलट विस्कॉन्सिन हे कम्युनिटी प्रॉपर्टीचं राज्य, त्यामुळे त्याच्या गाडीचं कर्ज आणि क्रेडिट कार्डं तुमच्या एकटीच्या अर्जातही येतील. म्हणजे पगार मोजायला धरणार, फेडायला धरणार नाहीत, वर देणी मात्र धरणार. असला सौदा कशाला करायचा?

पण घाबरू नका. ती मर्यादा एकूण पगाराला नसते, वजावटी काढून उरलेल्या आकड्याला असते. मुलांपोटी ठरलेली रक्कम वजा होते आणि बारा वर्षांपर्यंतच्या मुलांच्या डेकेअरचा खरा खर्चही वजा होतो. तीन वर्षांचं पोर डेकेअरला जात असेल तर तिथला वर्षाचा खर्चच तुम्हाला मर्यादेच्या आत आणून सोडेल. पावत्या, नाहीतर डेकेअरवालीचं पत्र, आजच मागून ठेवा. पुष्कळ लेंडर वर्षाला अशी दोन-तीनच लोन करतात. ते एकूण पगार बघतात आणि 'तुम्ही बसत नाही' म्हणून मोकळे होतात. पहिल्याने नाही म्हटलं तर दुसऱ्याकडे जा, आणि जाताना विचारा, वर्षाला किती यूएसडीए फायली करता?

पीआरएनची गंमत वेगळी. पात्रता बघताना ते पैसे धरतात, कारण घरात येतात. हप्ता झेपेल का बघताना मात्र दोन वर्षांची सलग नोंद नसेल तर सहसा धरत नाहीत. घराचा पूर्ण हप्ता, टॅक्स-विमा धरून, पगाराच्या २९ टक्क्यांत आणि सगळी देणी मिळून ४१ टक्क्यांत बसावीत असा ढोबळ नियम आहे. क्रेडिट स्कोअर ६४० च्या वर असेल तर फाइल त्यांच्या संगणकातून पुढे सरकते आणि थोडं इकडेतिकडे खपतं.

पुण्याचा फ्लॅट अर्जात लिहा, भाडं येत असेल तर तेही लिहा. रोज कामाला जाता-येता येईल एवढ्या अंतरात तुमचं दुसरं राहण्याजोगं घर नसावं, अशी त्यांची अट आहे. पुण्याहून तुम्ही हॉस्पिटल गाठणार नाही हे त्यांनाही कळतं.

आणि बार्न. ते फार्म धरलं जाईल का, याची काळजी सोडा. धंदा बंद झालेलं, सामान ठेवायला वापरतात असं बार्न चालतं. परसातली भाजी, चार कोंबड्या, पाटी लावून अंडी, याला कुणी शेतीचा धंदा म्हणत नाही. मला त्या बार्नच्या रंगाची भीती वाटते. घर १९७८ च्या आधीचं आहे, म्हणजे रंगात शिसं असू शकतं. अप्रेझर (घराची किंमत ठरवायला येणारा) जिथे जिथे पोपडे सुटलेले दिसतील तिथे बोट ठेवणार, आणि नियम घरापुरता नाही, गॅरेज, शेड, कुंपण सगळं त्यात येतं. जुन्या लाकडी बार्नची उन्हाकडची भिंत बघा, नखाने खरवडली तरी पापुद्रे हातात येतात. खाली गवतात चुरा पडलेला असतो तोही तो बघतो. ते खरवडून, रंगवून होईपर्यंत क्लोजिंग (घर नावावर होण्याचा शेवटचा व्यवहार) नाही. एवढं मोठं बार्न रंगवायचे पैसे कोण देणार हे ऑफर देतानाच विकणाऱ्याशी बोला, नंतर नको.

सेप्टिक_सखी

काकांनी बोअरचं सोडलं ते मी लिहिते. मी मिशिगनात काउंटीच्या हेल्थ डिपार्टमेंटमध्ये आहे, दिवसभर हेच करते.

पाण्याची लॅब टेस्ट लागणार. नमुना तुम्ही किंवा घर विकणाऱ्याने घ्यायचा नाही, तिऱ्हाईताने घ्यायचा. बोअर सेप्टिक टाकीपासून ५० फूट आणि पाझर-शेतापासून (टाकीतलं पाणी जिथे जमिनीत मुरतं ती जागा) १०० फूट लांब हवी. जुन्या घरांत गाडी इथेच अडते, कारण टाकी नेमकी कुठे पुरलीय हे घरमालकालाच ठाऊक नसतं. काउंटीकडे जुना परमिट असेल तर त्यावर हाताने काढलेला नकाशा असतो, पत्ता देऊन मागा.

पाण्यात कोलिफॉर्म जिवाणू निघाले तर लगेच घर सोडू नका. पुष्कळदा बोअरचं झाकण सैल असतं, किडे, गोम आत जातात. बोअरवाला झाकण बदलतो, क्लोरीन ओततो, घरातला एकेक नळ ब्लीचचा वास येईपर्यंत सोडतो आणि तसंच रात्रभर ठेवतो. मग बाहेरच्या नळाला पाइप लावून वास जाईपर्यंत पाणी काढायचं. पाइपचं तोंड सेप्टिकच्या बाजूला नको, क्लोरीन तिथल्या जिवाणूंनाही मारतं. थोड्या दिवसांनी पुन्हा नमुना. नायट्रेट जास्त निघालं तर मात्र गंभीरपणे घ्या. आजूबाजूला गोठे आणि मका असेल तर ते येतं, आणि ते क्लोरीनने जात नाही, पाणी उकळल्याने तर वाढतंच.

ओवी_विस्कॉन्सिन

काका, सखी, किती आभार मानू! डेकेअरचा खर्च वजा होतो हे आम्हाला एकाही लेंडरने सांगितलं नव्हतं. आज दुपारीच डेकेअरच्या बाईंना पत्राचं विचारलं. आणि हो, बार्नची दक्षिणेकडची भिंत फोटोतच सोललेली दिसतेय, मी ते 'जुनं म्हणून छान' असं समजत होते.

क्लोजिंगचा खर्च पण कर्जात जातो का? रिअल्टर बाई 'हो, सगळं जातं' म्हणतात.

मक्याच्या_मधोमध

'सगळं जातं' हे अर्धंच खरं. अप्रेझल (अप्रेझरने ठरवलेली किंमत) विक्रीच्या किमतीपेक्षा जास्त आलं तर वरच्या फरकाइतकाच क्लोजिंगचा खर्च कर्जात घालता येतो. घर २,४०,००० चं आणि अप्रेझलही २,४०,००० चं, तर १ टक्का फी सोडून काहीही आत जात नाही, बाकी रोख. मात्र विकणारा किमतीच्या ६ टक्क्यांपर्यंत तुमचा खर्च उचलू शकतो. बार्नचा रंग आणि क्लोजिंगचा खर्च दोन्ही एकाच वेळी मागाल तर तो फोन ठेवेल. मी असतो तर रंग मागितला असता, कारण त्याच्यावाचून लोनच होत नाही.

आणि ऑफरमध्ये तारीख थोडी लांबची घाला. लेंडरने फाइल मंजूर केल्यावर ती यूएसडीएच्या ऑफिसात जाते आणि तिथून 'कंडिशनल कमिटमेंट' (हमीची सशर्त मंजुरी) आल्याशिवाय क्लोजिंग होत नाही. हा टप्पा एफएचएला नसतो. त्या दिवशी कुठल्या तारखेच्या फायली हातात आहेत हे लेंडरला कळू शकतं, त्याला विचारत राहा. सरकारी वर्ष १ ऑक्टोबरला सुरू होतं, तोवर बजेट मंजूर झालं नाही तर सरकारी ऑफिसं बंद पडतात (शटडाऊन), म्हणून सप्टेंबर-ऑक्टोबरची क्लोजिंग शक्यतो टाळा. २०१८ च्या डिसेंबरात शटडाऊन झालं ते ३५ दिवस चाललं, २०२५ मध्ये तर १ ऑक्टोबरपासून १२ नोव्हेंबरपर्यंत. तेवढा काळ नवी कमिटमेंट निघत नाहीत. माझं २०१८ चं कमिटमेंट ऑक्टोबरातच हातात होतं, म्हणून मी सुटलो.

जर्सीचा_जावई

बरं बुवा, मागे घेतो. पण मग २० टक्के ज्याच्याकडे आहेत त्यानेही हेच घ्यावं का?

मक्याच्या_मधोमध

त्याला मिळणारच नाही. २० टक्के आणि वर क्लोजिंगचा खर्च हाताशी आहे, देणी कमी, क्रेडिट चांगलं, म्हणजे कन्व्हेन्शनल सहज मिळण्याजोगं आहे, असा माणूस त्यांच्या नियमात बसत नाही. उलट ज्यांची कमाई फारच कमी आहे त्यांच्यासाठी 'डायरेक्ट' नावाचं दुसरं लोन आहे. त्यात खातं स्वतः पैसे देतं, मुदत ३३ वर्षं, अगदी कमी उत्पन्नाला ३८, आणि सवलत धरून व्याज १ टक्क्यापर्यंतही उतरतं. मात्र घर विकताना त्या सवलतीचा काही भाग परत मागतात. ओवीताईंचं उत्पन्न तिकडे बसणार नाही, म्हणून फाटे फोडत नाही.

ताई, बार्नच्या त्या भिंतीचा जवळून काढलेला एक फोटो इथे टाका. नुसते पोपडे आहेत की लाकूडही गेलंय ते बघून सांगतो, रंगाऱ्याचा आकडा त्यावरच ठरतो.