मराठीच्या पेपरातला सारांश: 600 शब्दांचे 200 कसे करायचे?

सातपूरकर: यूपीएससी मुख्य परीक्षेच्या अनिवार्य मराठीची तयारी नाशिकमध्येच चालू आहे. सारांशाला 60 गुण आहेत. माझे दर वेळी 280-300 शब्द होतात, आणि कापायला बसलं की अर्थच तुटतो. नक्की कुठे कापायचं?

गोदाकाठ: तुम्ही उताऱ्यातली वाक्यं उचलून मग छाटताय, म्हणून तुटतंय. पहिलं वाचन पेन खाली ठेवून करा. दुसऱ्या वाचनात प्रत्येक परिच्छेदाशेजारी चार-पाच शब्दांची टीप लिहा: विषय नको, विधान लिहा. ‘द्राक्षशेती’ ही टीप निरुपयोगी, ‘पावसाने फवारणी खर्च वाढतो’ ही कामाची. मग उताऱ्याकडे न बघता फक्त टिपांवरून कच्चा सारांश लिहा. उदाहरणं, पुनरुक्ती, अवतरणं आपोआप गळतात. आकडे मात्र शेवटी उताऱ्याशी ताडून पाहा.

पंचवटीकर: त्यानंतरचं कापणं व्याकरणाचं. मराठीत सर्वात जास्त जागा ‘जो-तो’, ‘जेव्हा-तेव्हा’ खातात. आपल्याकडचंच वाक्य घ्या:

‘ज्या शेतकऱ्यांनी ऑक्टोबर महिन्यामध्ये छाटणी केलेली असते, त्यांच्या बागा जेव्हा फुलोऱ्यात येतात तेव्हा जर अवकाळी पाऊस झाला, तर डावणी या रोगाचा प्रादुर्भाव होण्याची शक्यता वाढते आणि त्यामुळे त्यांना फवारणीवर अधिक खर्च करावा लागतो.’ (33 शब्द)

‘ऑक्टोबर छाटणीच्या बागा फुलोऱ्यात असताना अवकाळी पाऊस झाल्यास डावणी बळावून फवारणीचा खर्च वाढतो.’ (13 शब्द)

‘असताना’, ‘झाल्यास’, ‘करणारे’ ही रूपं एकेक अख्खं उपवाक्य गिळतात. समासही करा, पण ‘द्राक्षोत्पादकशेतकरीहित’ असलं सरकारी कडबोळं नको.

गोदाकाठ: उदाहरण छान, पण एक घात झालाय. मुळात ‘शक्यता वाढते’ आहे, तुमच्या वाक्यात डावणी ठरलेलीच झाली. ‘…डावणीची शक्यता, परिणामी फवारणीचा खर्च वाढतो’ असं करा. एक शब्द जास्त लागतो, लागू द्या. कदाचित, बहुधा, काही, केवळ, परंतु, म्हणून हे शब्द बारीक दिसतात आणि पहिल्यांदा तेच कापले जातात. ते गेले की लेखकाचा दावाच बदलतो. ‘परंतु’ गेला तर दोन विरोधी मुद्दे एकाच बाजूचे वाटतात.

सातपूरकर: हे पटलं. शीर्षक द्यायचं का? आणि ‘लेखकाच्या मते’ लिहावं का?

पंचवटीकर: शीर्षक नको, प्रश्नातच तशी सूचना असते. ‘लेखकाच्या मते’ शक्यतो टाळा. त्याने मुद्दा पुढे सरकत नाही, शब्द मात्र खर्च होतात. स्वतःचं मत तर अजिबात नको.

शब्द एकेक मोजत बसू नका. तुमच्या अक्षरात ओळीला सरासरी 8 शब्द बसत असतील तर 25 ओळी झाल्या की थांबा. आधी सरावाच्या कागदावर आपली सरासरी काढून ठेवा, कारण परीक्षेच्या घाईत अक्षर मोठं होतं आणि हिशेब चुकतो.