'आधी पाच वर्षं वॉश मारा, मग शैलीचं बोला' म्हणे!

धुक्यातली
परवा इथे कोरा_कागद यांनी भलंमोठं लिहिलं होतं की जलरंग शिकणाऱ्याने शैली हा शब्द तोंडातून काढू नये, पाच वर्षं नुसते वॉश (पाणीदार रंगाचे सपाट थर) मारावेत, मोठ्यांची चित्रं कॉपी करावीत, शैली मागाहून आपसूक येते. खाली सगळ्यांनी हात जोडलेले. मला तेव्हाच लिहायचं होतं पण राग आला की माझं टायपिंग बिघडतं, म्हणून दोन दिवस थांबले.

मी हे केलंय हो. तीन वर्षं. व्हिडिओ लावायचा, थांबवत थांबवत तो करतोय तसंच करायचं, धुक्यातली झाडं, पाणी, पाण्यात होडी (होडी असतेच). हात सुधारला, नाही म्हणत नाही, ग्रेडेड वॉशमध्ये (गडदाकडून फिक्याकडे जाणाऱ्या) आता पट्टे येत नाहीत. मग हौसेने भिंतीवर सहा चित्रं लावली तर घरी आलेली मैत्रीण पाच मिनिटं बघून म्हणते, छान आहेत गं, कोणाची? बरं, ती मला वीस वर्षं ओळखते. त्याच रात्री व्हिडिओ बंद करून खिडकीतलं झाड काढायला बसले, तर सुरुवात कुठून करायची तेच सुचेना. मला 'त्याचं' झाड येत होतं, समोरचं येत नव्हतं.

शिकणं आणि शैली या काही दोन रांगा नाहीत, पहिली संपली की दुसरीत उभं राहा असं सांगायला. पहिल्या महिन्यापासून आठवड्याला एक चित्र कोणाचंही न बघता काढावं, घाण आलं तरी.

कोरा_कागद
माझ्या नावाने धागा, धन्य झालो.

ताई, तुम्ही व्हिडिओची नक्कल केलीत आणि खापर कॉपीवर फोडताय. व्हिडिओत निर्णय सगळे तो घेतो, कागद किती ओला, ब्रशमध्ये किती पाणी, कुठे थांबायचं, तुम्ही फक्त हात हलवता. तयार चित्र समोर ठेवून हे कसं केलं असेल याचा शोध घेत केलेली कॉपी वेगळी. टर्नर आणि गर्टिन हे इंग्रज चित्रकार विशीच्या आसपास होते तेव्हा चित्रसंग्राहक डॉ. मन्रोंच्या घरी संध्याकाळी बसून कझन्स या आधीच्या चित्रकाराची चित्रं कॉपी करायचे, गर्टिन रेघा काढणार, टर्नर वॉश भरणार. तीन वर्षं! त्यांची शैली मेली का?

इथे लोकांना ओल्या कागदाची चकाकी कधी जाते ते कळत नाही, अर्धवट वाळलेल्यात जास्त पाण्याचा ब्रश टेकवतात, फुलकोबीसारखा डाग उमटला की म्हणतात माझी लूज स्टाईल आहे. नाचता येईना अंगण वाकडं ऐकलं होतं, आता अंगणालाच शैली म्हणायचं.

पाणीदार
टर्नरचं अर्धंच सांगितलंत काका. १७९० साली म्हणजे पंधराव्या वर्षीच त्याचा जलरंग रॉयल अकॅडमीच्या प्रदर्शनात लागला होता, मन्रोंकडे बसला तो त्यानंतर. आणि त्या कामाचे पैसे मिळायचे. त्याच वर्षांत उन्हाळा आला की स्केचबुक घेऊन भटकायचा, म्हणजे स्वतःचं आणि दुसऱ्याचं एकाच वेळी चालू. हे तर धुक्यातलीचं म्हणणं झालं.

कोरा_कागद
तुम्ही टर्नर आहात का?

पाणीदार
त्याचं नाव तुम्हीच आधी काढलंत.

आजी_रंगवते
अंगणावरून आठवलं, अंगण खरंच वाकडं असतं कधीकधी. मी साठीनंतर ब्रश धरला. चार वर्षं साधा सेल्युलोजचा पातळ कागद वापरला, कारण शिकतोय तोवर महाग कशाला. त्यावर पाणी झटकन वाळायचं, दुसरा थर दिला की खालचा निघून यायचा, म्हणून मी एका झटक्यात, कडक कडा ठेवून, एकाच थरात चित्रं करायला लागले. सगळे म्हणायचे आजी तुमची शैली किती ठाम आहे! मीही फुगले. मग वाढदिवसाला नातवाने ३०० जीएसएमचा, म्हणजे जाड, शंभर टक्के कॉटन कागद दिला. त्यावर पाणी वाळतच नाही लवकर, कडा विरघळतात, थर आरामात बसतात, आणि माझी ठाम शैली पंधरा दिवसांत गायब. ती कागदाची होती, माझी नव्हतीच!

तेव्हा कोरा_कागदराव, वॉश मारा म्हणता तर कोणत्या कागदावर तेही सांगत जा. पोरं वाईट कागदावर पाच वर्षं झिजतात आणि स्वतःला दोष देतात.

धुक्यातली
आजी, हे वाचून मी माझी जुनी पॅडं बाहेर काढली. निम्मा राग कागदावर काढायला हवा होता.

शेवटचा_थर
शैली बिली ठीक आहे हो, पण हल्ली जो तो शेवटी पांढऱ्या गुआशचे (अपारदर्शक जलरंगाचे) ठिपके मारतो, दिवे, फेस, मांजराच्या मिशा, आणि त्याला जलरंग म्हणतो. पांढरं म्हणजे न रंगवता राखलेला कागद. कागद राखता येत नसेल तर ॲक्रिलिक करा. एवढंच बोलतो.

पाणीदार
एवढंच बोलून पेटवलंत. जर्मन चित्रकार ड्यूररचा ससा, १५०२ चा, व्हिएन्नाला अल्बर्टिना संग्रहालयात आहे, त्याच्या मिशा कशाने काढल्यात असं वाटतं?

शेवटचा_थर
ड्यूररच्या काळात तुमचा शुद्ध जलरंग हा प्रकारच ठरला नव्हता. नंतरच्यांचं बोला.

पाणीदार
बोलतो. टर्नर निळ्या कागदावर गुआश वापरायचा, शिवाय नखाने कागद खरवडून उजेड काढायचा. अमेरिकन चित्रकार सार्जंटचे ८३ जलरंग ब्रुकलिन म्युझियमने १९०९ मध्ये एका दमात विकत घेतले, त्याच्या जलरंगांत अपारदर्शक पांढरा सर्रास दिसतो. १८३४ पासून चायनीज व्हाईट हा पांढरा रंग जलरंग म्हणून विकायला आहे. आता काय, सगळ्यांना ॲक्रिलिकच्या वर्गाला बसवायचं?

शेवटचा_थर
सार्जंटला कागद राखता येत होता, तरी त्याने वापरला. तुम्हाला येत नाही म्हणून तुम्ही वापरता. यातला फरक कळत नसेल तर गाढवापुढे वाचली गीता.

गप्प_बसवेना
मास्किंग फ्लुइड, पांढरं राखायला आधी लावायचं ते रबरी द्रव, चालतं का तुम्हाला? खरं सांगा.

शेवटचा_थर
ते चालतं. त्यात कागदच पांढरा राहतो.

गप्प_बसवेना
वा! म्हणजे आधी रबराचा ठिपका मारला तर तपश्चर्या आणि मागून रंगाचा मारला तर पाप. मी त्या फ्लुइडने सेबलचा (प्राण्याच्या मऊ केसांचा) ब्रश वाया घालवलाय, केसांत घट्ट बसलं, आधी साबण लावायचा असतो हे मला कोणी सांगितलंच नाही. वर चोळून काढताना कागदाची साल निघाली ती वेगळीच. तीन दिवसांचं चित्र. त्या दिवसापासून गुआश, आणि झोप छान लागते.

शेवटचा_थर
सेबलने मास्किंग लावणाऱ्या माणसाशी मी वाद घालत नाही.

गप्प_बसवेना
मग मघापासून काय चाललंय?

आजी_रंगवते
अरे भांडू नका. गुआशचा पांढरा आणि राखलेला पांढरा शेजारी शेजारी ठेवून बघा, गुआश जरा थंड आणि खडूसारखा दिसतो, कागद आतून उजळतो. धुक्याला थंड बरा, उन्हाला कागद. दोन्ही लागतात.

कोरा_कागद
आजींशी सहमत, फक्त आजींशी. आता मूळ मुद्दा. धुक्यातली ताई, तीन वर्षांत वॉश सुधारला हे तुम्हीच लिहिलंत, म्हणजे माझी पद्धत चालली.

धुक्यातली
तुमची पद्धत चालली, मीच थांबले होते. वाक्य सोयीने तोडू नका. आणि 'आपसूक येते' म्हणता ना, कुठून येते ते सांगा की. आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? ज्या माणसाने कधी स्वतः ठरवलंच नाही की इथे कडा सोडू का विरघळवू, त्याच्याकडे पाच वर्षांनी ठरवायची सवय कुठून येईल?

कोरा_कागद
ठीक. व्हिडिओ न थांबवता एकदा बघा, मग बंद करून आठवेल तसं काढा. एवढी सूट देतो.

धुक्यातली
उपकार झाले.

पाणीदार
मी एक केलं होतं. एकच कप, वीस वेळा, रोज एक. रंग फक्त अल्ट्रामरीन (निळा) आणि बर्न्ट सिएना (तांबूस तपकिरी), दोन्हीत मिळून छान करडे निघतात, त्यामुळे रंग निवडण्यात डोकं जात नाही. आठव्या दिवशी कंटाळा आला, मग कप सोडून मी त्याची सावलीच रंगवायला लागलो आणि शेवटच्या पाचांत कप जवळजवळ नाहीच. कोणी शिकवलं नव्हतं. आता माझं काहीही बघा, वस्तू कोपऱ्यात आणि सावली मोठी. याला शैली म्हणा नाहीतर कंटाळा.

कोरा_कागद
कंटाळा.

धुक्यातली
मी कालपासून सुरू केलं. दुसऱ्या कपाला कान काढायचाच विसरले, पण तो माझाच विसर आहे, व्हिडिओतला नाही.

शेवटचा_थर
मगाशी जरा जास्त बोललो असेन, गीता वगैरे. जुनी फाईल चाळत होतो. दीपगृहाचं एक चित्र निघालं, खिडकीत पांढरा ठिपका आहे. गुआश. पण कागद टिंटेड, म्हणजे मुळातच रंगीत होता, त्यामुळे ते धरायचं नाही.

गप्प_बसवेना
धरलं.