हिऱ्याची अंगठी घ्यायचीय, पण काउंटरवरच्यांनाच नीट माहिती नाही. काय करावं?

निशिगंध_पुणे
नमस्कार. डिसेंबरात साखरपुडा आहे. गोल हिऱ्याची सॉलिटेअर, म्हणजे एकाच हिऱ्याची, अंगठी घ्यायची ठरवलंय, चाळीस सेंटच्या आसपास. बजेट दीड लाख, त्यात निम्मे पैसे माझ्या पगारातले साठवलेले. दोन शनिवार लक्ष्मी रोड आणि कॅम्पातली मिळून चार दुकानं पालथी घातली आणि आता आधीपेक्षा जास्त गोंधळलेय.

पहिल्या दुकानात विचारलं, हिरा किती कॅरेटचा? मुलगा म्हणाला, "अठरा कॅरेट, मॅडम." मी म्हटलं, सोनं नाही हो, हिरा. त्याने दोऱ्याला बांधलेली चिठ्ठी उलटसुलट करून पाहिली आणि पुन्हा अठराच म्हणाला. दुसरीकडे सांगितलं की हॉलमार्क आहे म्हणजे हिराही सरकारने तपासलेला. तिसरीकडे म्हणे लॅबमधला, म्हणजे प्रयोगशाळेत बनवलेला, हिरा म्हणजे अमेरिकन डायमंडच, दोन वर्षांत पिवळा पडतो. चौथीकडे पेनासारखं मशीन खड्याला टेकवून आवाज काढून दाखवला आणि म्हणाले, "बघा, नॅचरल."

मला कुणाशी वाद घालायचा नाही. जाणकार सराफ कसा ओळखायचा आणि अशा ठिकाणी बोलायचं कसं, एवढं सांगा.

गुजरीकर
अभिनंदन! दुकानाचं नाव सुचवत नाही, कारण एकाच पेढीत एका काउंटरवर जाणता माणूस असतो आणि शेजारच्या काउंटरवर महिन्यापूर्वी लागलेला मुलगा. सरळ विचारा, "तुमच्याकडे हिऱ्यांची खरेदी कोण बघतं? त्यांच्याशी पाच मिनिटं बोलायचंय." समोरच्याचा अपमान होत नाही आणि माणूस बदलतो. शनिवार-रविवारी जाऊ नका. मंगळवार-बुधवारी दुपारी जा.

पैलू
निशिगंध, मी दादरला एका दुकानात नऊ वर्षं हिऱ्यांच्या काउंटरवर होते. त्याआधी साड्यांच्या दुकानात. हिऱ्यांचं प्रशिक्षण तीन दिवसांचं, त्यातला एक दिवस बिलिंग शिकण्यात गेला. तुला भेटलेली मुलं बहुतेक अशीच आली असणार. ती फसवत नसतात, त्यांना जे सांगितलंय तेच पुढे सांगतात. गिऱ्हाईकाचं नुकसान मात्र तेवढंच होतं.

आधी तू ऐकलेल्या चार गोष्टी. सोन्याचा कॅरेट म्हणजे शुद्धता, हिऱ्याचा कॅरेट म्हणजे वजन. एक कॅरेट म्हणजे २०० मिलिग्रॅम, त्याचे १०० सेंट. हॉलमार्क आणि एचयूआयडी, म्हणजे दागिन्यावरचा सहा अक्षर-अंकांचा ओळख नंबर, धातूच्या शुद्धतेसाठी असतो, हिऱ्यासाठी नाही. भारतीय मानक ब्युरोच्या बीआयएस केअर अ‍ॅपवर तो नंबर टाकून बघ, पण हिऱ्याबद्दल त्यातून काहीही कळत नाही. अमेरिकन डायमंड म्हणजे क्युबिक झिरकोनिया, त्यात कार्बन नसतोच. लॅबमधला हिरा कार्बनचाच, खरा हिरा, आणि तो पिवळा पडत नाही. म्हणूनच ते पेनासारखं मशीन नैसर्गिक आणि लॅबमधला, दोन्ही हिऱ्यांवर सारखंच वाजतं. ते फक्त खडा उष्णता किती वाहून नेतो ते बघतं. साध्या मशीनवर मोइसॅनाइट, म्हणजे हिऱ्यासारखा दिसणारा दुसराच खडा, तोसुद्धा हिरा म्हणून पास होतो. नैसर्गिक की लॅबमधला हे प्रयोगशाळेतल्या उपकरणांवर ठरतं, काउंटरवर नाही.

आता बोलायचं कसं. "हिरा चांगला आहे ना?" असं विचारूच नकोस, त्याला एकच उत्तर मिळतं. ज्याचं उत्तर कागदावर आहे तेच विचार. ती चिठ्ठी हातात घे. समज तीवर ग्रॉस (अंगठीचं एकूण वजन) ३.९२० ग्रॅम, नेट (नुसतं सोनं) ३.८४४ ग्रॅम, हिरा ०.३८ कॅरेट असं आहे. ०.३८ कॅरेट म्हणजे ०.०७६ ग्रॅम, तो वजा केला की ३.८४४ बरोबर येतं. सोन्याचा भाव नेट वजनावरच लागला पाहिजे. हा हिशोब त्याच्यासमोर शांतपणे कॅल्क्युलेटरवर कर. पुढचं बोलणं आपोआप नीट होतं, हा माझा काउंटरच्या पलीकडून घेतलेला अनुभव.

मग हिऱ्याचा लॅबचा तपासणी रिपोर्ट माग. "ईएफ-व्हीव्हीएस" (ई-एफ हा रंग, व्हीव्हीएस ही शुद्धता) असं जोडीने सांगितलं तर ती बहुतेक दुकानाची स्वतःची प्रतवारी असते. जीआयए या अमेरिकेतल्या रत्नपरीक्षण संस्थेच्या रिपोर्टवर रंगाचं एकच अक्षर असतं, डी ते झेडपैकी, आणि शुद्धतेची एकच श्रेणी. आणखी एक, जीआयए सुटा हिराच तपासतं. घडवलेल्या अंगठीचा रिपोर्ट दाखवला तर हिरा बसवल्यावर तपासलाय का, ते विचार, कारण बसवलेल्या खड्याची प्रत अंदाजानेच लावावी लागते.

कटबद्दल विचारलं की बरेच जण "राउंड आहे ना" म्हणतात. तो आकार झाला. कट म्हणजे पैलू किती नेमके पाडलेत, आणि चमक सगळ्यात जास्त त्यावरच ठरते. तुला गोल हवाय, म्हणजे रिपोर्टवर कटची श्रेणी मिळेल. माझं मत विचारशील तर रंगात जी किंवा एच घे, शुद्धतेत व्हीएस, म्हणजे व्हीव्हीएसच्या खालची श्रेणी, पुरे, पण कट एक्सलंटच्या खाली घेऊ नकोस. मिलिमीटरही बघ. चाळीस सेंटचा नीट पाडलेला गोल हिरा साधारण ४.७ मिमी भरतो. खोल ठेवलेला हिरा तेवढ्याच वजनाचा, तेवढ्याच पैशांचा असून बोटावर लहान दिसतो. आणि अंगठी छतातल्या दिव्यांखाली बघून ठरवू नकोस, तिथे सगळंच लखलखतं. खिडकीशी जा.

एक गोष्ट अजून मनात सलते. मी एका बाईंना सांगितलं होतं, "कधीही आणा, पूर्ण किंमत परत." आम्हाला तसंच सांगितलेलं. दोन वर्षांनी त्या मुलाच्या फीसाठी कानातले घेऊन आल्या, तर घडणावळ आणि जीएसटी गेलाच, वर हिऱ्याच्या किमतीतही कपात. त्या माझ्याकडे बघत राहिल्या. पावतीवर त्यातलं एक अक्षर नव्हतं. तेव्हापासून मी ओळखीच्या प्रत्येकाला सांगते, विक्रेता तोंडाने जे म्हणेल त्यावर एवढंच म्हणायचं, "हे पावतीवर लिहून द्याल का?" ज्याला खात्री नाही तो तिथे थांबतो आणि आत विचारायला जातो. नैसर्गिक की लॅबमधला, रिपोर्ट नंबर, वजन, रंग, शुद्धता, सोन्याचं नेट वजन, घडणावळ, परत घेताना नक्की कशाचे किती टक्के, हे सगळं लिहून घे.

जर्सी_शहर
लॅबमधला चालणार असेल तर बजेटमध्ये बराच मोठा येईल. पण इकडे अमेरिकेत त्यांचे भाव गेल्या काही वर्षांत फार पडलेत, त्यामुळे मोडीचा विचार करून घेऊ नका, घालायला म्हणून घ्या. आणि जीआयएने २०२५ पासून लॅबच्या हिऱ्यांना डी ते झेड देणं बंद करून 'प्रीमियम' आणि 'स्टँडर्ड' अशा दोनच प्रती ठेवल्यात. जुना रिपोर्ट वेगळा दिसला तर दचकू नका.

ठाणेकर_काकू
एवढा अभ्यास करण्यापेक्षा रिपोर्टवाला हिरा ऑनलाइन घ्यावा, असं माझा भाचा म्हणतो. त्याने घेतला, छान निघाला.

पैलू
काकू, चालेल की. पण रिपोर्ट खरा आणि हिरा दुसराच, असंही होऊ शकतं. नंबर लॅबच्या वेबसाइटवर टाकून बघायचा. मग भिंगातून हिऱ्याच्या गर्डलवर, म्हणजे कमरेच्या कडेवर, लेझरने कोरलेला तोच नंबर आहे का ते बघायचं. प्रत्येक हिऱ्यावर कोरलेला नसतो, म्हणून कोरलेलाच मागावा. भिंग दहापटीचं, डोळ्याला अगदी लागून धरायचं आणि हिरा भिंगापाशी आणायचा. लोक भिंग हिऱ्याजवळ नेतात आणि काही दिसत नाही म्हणतात.

निशिगंध_पुणे
सगळ्यांचे मनापासून आभार. बुधवारी अर्धी सुट्टी काढून आम्ही पाचव्या दुकानात गेलो. तिथला मुलगा आमच्याच वयाचा. रिपोर्टबद्दल विचारल्यावर म्हणाला, "मला नक्की माहीत नाही, वर विचारून येतो." चार दुकानांत हे वाक्य एकदाही ऐकलं नव्हतं, तिथेच बरं वाटलं.

खरेदी बघणारे काका खाली आले. त्यांनी सुटा हिरा चिमट्यात धरून दिला, ०.४१, जी, व्हीएस१, कट एक्सलंट, ४.७७ मिमी. नंबर वेबसाइटवर जुळला. भिंगातून आधी नुसतं धुरकट दिसलं. पैलूताईंनी सांगितलं तसं भिंग डोळ्याला लावलं आणि कडेवर बारीक करडे आकडे एकामागून एक दिसायला लागले. मग त्या मुलानेही बघायला मागितलं. तीन महिने तो हेच विकत होता, पण भिंगातून नंबर कुणी दाखवलाच नव्हता. तो बराच वेळ बघत राहिला आणि आकडे मोठ्याने वाचत गेला, मी रिपोर्टवर ताडून बघत गेले.

परत घेण्याचे टक्के मात्र काकांनी आधी नुसते तोंडीच सांगितले होते. लिहून मागितल्यावर ते पाच टक्क्यांनी कमी झाले, पण पावतीवर आले. हिरा बसवताना नंबर प्रॉंगखाली, म्हणजे हिरा धरून ठेवणाऱ्या काट्याखाली, जाऊ नये असंही त्यावर लिहून घेतलंय. अंगठी घ्यायला जाऊ तेव्हा भिंग तयार ठेवतो म्हणालाय तो मुलगा.