सैन्यभरतीचं किमान वय 18च हवं

पाऊलवाट:
अमेरिकेत पालकांच्या संमतीने 17व्या वर्षी सैन्यात भरती होता येतं, पण मतदानासाठी 18 पूर्ण लागतात. म्हणजे युद्ध पुकारणारं सरकार निवडता येत नाही, त्या युद्धासाठी सही मात्र करता येते!

संयुक्त राष्ट्रांच्या 2000 सालच्या बालहक्कविषयक पूरक करारानुसार सरकारांना सक्तीने भरती करायची तर 18ची अट आहे, स्वेच्छेने येणाऱ्यांना मात्र 16पासून घेता येतं. तोच करार बंडखोर गटांना सांगतो, 18 खालचं कुणीही घ्यायचं नाही, स्वेच्छेनेसुद्धा नाही. बंडखोरांसाठी जे लेकरू आहे, ते सरकारसाठी जाणतं कसं झालं?

करडा ढग:
ही तुलना पटली नाही. बंडखोर गट पोरांना थेट गोळीबारात ढकलतात. सैन्यात आधी प्रशिक्षण असतं, आणि 18 खालच्यांनी प्रत्यक्ष लढाईत भाग घेऊ नये याची काळजी घेणं त्याच कराराने सरकारांवर सोपवलंय. ब्रिटनमध्ये 16व्या वर्षी घेतात, पण 18 होईपर्यंत नोटीस देऊन बाहेर पडता येतं. शाळेत मन न रमलेल्या, घरी आधार नसलेल्या मुलाला तिथे पगार, कौशल्य, शिस्त मिळते. ती वाट बंद करून त्याला काय देणार आहात?

पाऊलवाट:
तिथल्या लष्करात चार वर्षांची किमान सेवा 18व्या वाढदिवसापासून मोजतात, हेही सांगा. सोळाव्या वर्षी आत गेलेला मुलगा अठराव्या वाढदिवसाआधी निघाला नाही, तर बाविशीपर्यंत बांधला जातो. मी या वयाच्या मुलांना शिकवते. वर्षभरात त्यांचे तीन-तीन बेत बदलतात, आणि ते बदलायलाच हवेत.

साधी रेघ:
वरची मर्यादाही बघा. अमेरिकी लष्कराने 2006मध्ये, इराक युद्ध चालू असताना, ती 42वर नेली आणि 2011मध्ये पुन्हा 35वर आणली. माणसाचं शरीर पाच वर्षांत बदललं नव्हतं, सैन्याची गरज बदलली होती. खालची रेघही अशीच सरकते अशी मला भीती वाटते.

करडा ढग:
भीती मान्य. पण 16 ते 18मध्ये त्या मुलाने करायचं काय?

पाऊलवाट:
सैन्याने चालवलेल्या शाळेत शिकावं, करारालाही ते चालतं. सेवेची सही तेवढी 18 पूर्ण झाल्यावर.

करडा ढग:
आणि दोन वर्षं शिकून तो निघून गेला तर?

पाऊलवाट:
जाऊ द्यावा. शिकलेला मुलगा वाया जात नाही.