बसने, सायकलने फिरणाऱ्यांना बक्षिसं द्यावीत का?

जुळेसोलापूरकर:
सात महिने झाले, आपल्या सोलापुरात ‘सात रस्ता’ चौकापर्यंत सायकलने जातोय. ऑफिसात सगळ्यांना गळ घालून झाली, एकही तयार नाही. इटलीतल्या बोलोन्यात २०१७ साली ‘बेला मोसा’ नावाचा उपक्रम झाला. पायी, सायकलने किंवा बसने गेलं की मोबाइलवर गुण जमा आणि त्या गुणांवर आइस्क्रीम, सिनेमाचं तिकीट. आपल्या नवी पेठेतल्या दुकानदारांनी मनावर घेतलं तर? शंभर फेऱ्यांना शेंगाचटणी, पाचशेला चादर!

विडीघरकुल:
दादा, तुमची तळमळ कळते, पण मला हे पटत नाही. माझी आई अजून विड्या वळते. काल तयार मालाची पिशवी मांडीशी धरून पाऊण तास थांब्यावर उभी होती. शेवटी शेअर रिक्षात अर्धी बाहेर बसून गेली. तिचा फोन बटनांचा. जन्मभर बसने नि पायीच फिरली ती. तुमच्या यादीत ती शून्यावर राहणार आणि दारात दोन गाड्या असलेला माणूस चार महिने सायकल मारून चादर नेणार. हा न्याय कुठला?

होटगीरोड:
ताई, बक्षिसाने फरक पडतो हो. बंगळुरूत इन्फोसिसमध्ये २००८ साली स्टॅनफर्डच्या बालाजी प्रभाकरांनी प्रयोग केला होता. गर्दीच्या आधी पोचणाऱ्यांना गुण आणि आठवड्याला रोख बक्षिसांची सोडत. लवकर येणारे जवळजवळ दुप्पट झाले.

विडीघरकुल:
त्यांना न्यायला कंपनीच्या बसेस होत्याच ना! फक्त वेळ बदलायची होती. त्यापेक्षा आपल्या एसटीचं बघा. १७ मार्च २०२३ पासून बायकांना अर्धं तिकीट झालं, तेव्हा गाड्या कशा भरून जायला लागल्या! ना अॅप, ना गुण. कंडक्टरला पैसे देतानाच फायदा हातात पडतो.

अक्कलकोटरोड:
एप्रिल-मेमध्ये पारा ४२च्या वर जातो. दुपारी दोन वाजता बक्षिसासाठी कुणी सायकल दामटली आणि चक्कर येऊन पडला तर? आधी रस्त्याकडेला झाडं हवीत.

जुळेसोलापूरकर:
उन्हाचं खरं आहे. मी स्वतः मेमध्ये अकरानंतर सायकल काढत नाही. आणि ताई, तुमच्या आईंचं वाचून अॅपचा हट्ट सोडला. तिकिटावर नंबर असतोच, त्याचीच दर रविवारी सोडत काढता येईल. पण बक्षीस नकोच, हे नाही पटत. माझ्या दोन सहकाऱ्यांच्या दारावरून बस जाते, तरी ते गाडीच काढतात. पहिल्यांदा बसमध्ये चढायला त्यांना काहीतरी निमित्त लागणार.

विडीघरकुल:
सोडत चालेल. पण पहिला पैसा फेऱ्यांवर घाला. सकाळी सात ते दहा दर पंधरा मिनिटांनी गाडी आली पाहिजे. आत्ताच आईला हे सगळं वाचून दाखवलं. म्हणाली, “चादरी घरात आहेत गं. बस कधी येणार, तेवढं थांब्यावर लिहायला सांग.”