'कोड' म्हणायचं की 'व्हिटिलिगो'?

अनुस्वार:
परवा इथे एकाने ठणकावून लिहिलं, "मराठीत त्वचेच्या रंगाच्या आजारांना धड शब्द नाहीत. कोड, वांग, शिबं ही गावठी नावं टाका, व्हिटिलिगो, मेलॅस्मा म्हणा." वाचून डोकं फिरलं, म्हणून सविस्तर लिहितोय.

गालांवर, कपाळावर, वरच्या ओठावर तपकिरी डाग पडतात ते वांग, म्हणजेच तो 'मेलॅस्मा'. संस्कृतातल्या 'व्यंग'पासून आलेला शब्द. गरोदरपणात येतात, उन्हाने गडद होतात, हे कोणत्याही आजीला ठाऊक असतं. घामाच्या दिवसांत छातीपाठीवर फिकट ठिपके उठतात आणि खरवडले की बारीक कोंडा सुटतो, ती शिबं. ती बुरशीमुळे होतात, कोडाशी त्यांचा संबंध नाही. आणि दुधासारखं पांढरं, कडा ठळक असलेलं ते कोड. तीन आजार, तीन शब्द. अजून काय हवं?

सावली:
मुलीला आठव्या वर्षी पापणीजवळ पहिला डाग आला. 'कोड' हा शब्द घरात उच्चारला गेला आणि दुसऱ्याच दिवशी एका नातेवाईक बाईंनी तिचा पेला वेगळा ठेवला. हिंदीत 'कोढ' म्हणजे कुष्ठरोग, आणि तुमचं 'कोड'ही त्याच 'कुष्ठ' शब्दातून आलंय. व्युत्पत्ती सांगायचीच तर पूर्ण सांगा. डॉक्टर 'व्हिटिलिगो' म्हणाले तेव्हा पोरीने आपल्या आजाराचं नाव पहिल्यांदा मोठ्याने घेतलं.

अनुस्वार:
ताई, पेल्याचं वाचून वाईट वाटलं. पण त्या बाईंनी 'व्हिटिलिगो' ऐकूनही पेला वेगळाच ठेवला असता. त्यांना नवं नाव नको होतं, माहिती हवी होती. कोडात शरीराची प्रतिकारशक्तीच रंगपेशींवर उलटते. ते कुणाकडून कुणाला लागत नाही. कुष्ठरोग जंतूमुळे होतो, नॉर्वेच्या डॉक्टर हॅन्सनने तो जंतू १८७३ मध्ये दाखवला. त्याचा चट्टा फिकट असतो पण दुधासारखा पांढरा नसतो, आणि तिथे स्पर्श कमी कळतो. कोडावर स्पर्श शाबूत असतो.

सावली:
हे सगळं समजावत बसायला आठ वर्षांच्या पोरीला कुठून जमणार? शब्दानेच अर्धं काम बिघडवलेलं असतं.

चामडीचा डॉक्टर:
वीस वर्षं त्वचारोग बघतोय. रंगाच्या नावावरून माझं कधी अडलं नाही, जागेच्या नावावरून रोज अडतं. फोनवर सांगतात, "हातावर डाग आहे." हात म्हणजे खांदा, दंड, मनगट, पंजा, काहीही! आणि जागेवर उपचार अवलंबून असतात. चेहऱ्यावरच्या कोडात रंग बऱ्याचदा परततो, कारण नव्या रंगपेशी केसांच्या मुळांतून येतात. ओठ आणि बोटांची टोकं तिथे केस नसल्याने हट्टी. एका बाईंनी 'ढोपरावर' लिहून पाठवलं. मी गुडघ्याचं धरून बसलो, डाग निघाला कोपरावर.

शेंडेफळ:
मग चूक तुमची. ढोपर म्हणजे कोपरच.

गडबडगुंडा:
काहीही! सायकलवरून पडलं की ढोपर फुटतं. गुडघाच तो. लहानपणापासून दोन्ही ढोपरांवर खुणा घेऊन फिरतोय, मला शिकवू नका.

शेंडेफळ:
आमच्या घरात चार पिढ्या ढोपर म्हणजे कोपर. तुमच्या खुणांवरून भाषा ठरत नाही.

गडबडगुंडा:
आणि तुमच्या पिढ्यांवरून ठरते का? नीट बोला.

चामडीचा डॉक्टर:
भांडू नका. दोन्ही अर्थ चालतात, म्हणूनच तपासताना तो शब्द नको. कोपर म्हणा, गुडघा म्हणा. नडगी, पोटरी, घोटा असे नेमके शब्द आहेत, ते वापरा. त्याहून मोठी अडचण काख आणि जांघ यांची. लोक 'तिकडे', 'खाली' म्हणतात आणि महिनोन्‌महिने दाखवतच नाहीत.

उंबरठा:
काखेवरून आठवलं. शाळेत असताना माझी मान आणि काखा मखमलीसारख्या जाड, काळ्या झाल्या. आईने मळ समजून दगडाने घासलं, रक्त येईपर्यंत. मी रडायचे, ती म्हणायची, "नीट अंघोळ करत नाहीस." शरीर इन्सुलिनला नीट दाद देत नव्हतं, हे कळायला सहा वर्षं गेली. चिठ्ठीवर नाव होतं, अकँथोसिस नायग्रिकन्स. अनुस्वार, याला तुमच्या आजीकडे कोणता शब्द आहे?

अनुस्वार:
नाही. माझ्या माहितीत तरी नाही, आणि ही मोठी उणीव आहे. शब्द असता तर आईने कदाचित घासलं नसतं. तेवढं मान्य. पण म्हणून असलेले शब्द फेकायचे, हे मान्य नाही.

उंबरठा:
फेका कुणीच म्हणत नाहीये. 'सगळं आहे' म्हणू नका, इतकंच.

सावली:
आज मुलीला विचारलं. ती आता बारा वर्षांची आहे. म्हणाली, आजीने 'कोड' म्हटलं तर चालतं, कारण आजी डागांना तेल लावताना म्हणते. पुस्तकात कोडाला 'श्वेतकुष्ठ' म्हटलेलं वाचलं की मात्र तिला पान फाडावंसं वाटतं.

अनुस्वार:
'श्वेतकुष्ठ' मी सोडला. आजपासून लिहिणार नाही. 'कोड' मात्र लिहीत राहीन, आणि लागत नाही हेही दर वेळी सोबत लिहीन.

सावली:
दर वेळी लिहा. मग माझी हरकत नाही.