मॅनिफोल्डचं पॅकिंग: पत्र्याचं, तांब्याचं की शीट कापून?

रामबागवाला:
जुन्या पेट्रोल गाडीचा एक्झॉस्ट मॅनिफोल्ड (सगळ्या सिलिंडरांचा धूर गोळा करून सायलेन्सरकडे नेणारा जाड पाइप) इंजिनाच्या जोडापाशी लीक आहे. सकाळी थंड इंजिनला टिकटिक येते, गाडी तापली की लोखंड फुगून फट मिटते आणि आवाज जातो. दुसऱ्या पोर्टपाशी (धूर बाहेर पडायचं भोक) फ्लँजवर, म्हणजे बोल्टने आवळायच्या चपट्या कडेवर, काजळीचा काळा पंखा उमटलाय. इंदूरात ज्याला विचारावं तो म्हणतो, "शीट आणा, छाप घेऊन पॅकिंग (जोडातली फट बंद करणारा थर) कापून देतो." हे बंद व्हायला हवं, असं माझं ठाम मत आहे. जुन्या पद्धतीच्या शीटमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकतं. आपल्याकडे त्यावर सरसकट बंदी नाही, पण जागतिक आरोग्य संघटना त्याचे सगळे प्रकार कर्करोगकारक मानते. आणि जुनं पॅकिंग काढताना काय होतं? पोरगा स्क्रू-ड्रायव्हरने कोरडंच खरवडतो, वर एअर मारतो, ती पांढरी धूळ त्याच्याच नाकातोंडात जाते. मी कंपनीचं पत्र्याचं, म्हणजे मल्टी-लेयर स्टीलचंच (स्टीलच्या पातळ पत्र्यांचे थर) घेणार.

लेथवाला काका:
धुळीचं बरोबर आहे, खरवडण्याआधी पाणी मारून ओलं करायला सांगा. पण पत्र्याच्या पॅकिंगला सपाट फेस, म्हणजे जोडाचा पृष्ठभाग, लागतो. पंधरा-वीस वर्षं तापलेला बिडाचा (ओतीव लोखंडाचा) मॅनिफोल्ड वाकलेला असतोच. त्यावर पत्रा लावलात तर महिन्यात परत टिकटिक. अशा ठिकाणी तांबं लावा. लाल होईपर्यंत तापवून पाण्यात टाकलं की मऊ पडतं आणि खाचाखोचा भरतं. वितळतं 1085 अंशांला, त्यामुळे जळायची भीती नाही.

पीथमपूर शिफ्ट:
काका, तांबं बाईकच्या गोल पोर्टला उत्तम, तिथे रिंगच तांब्याची असते. चार पोर्टच्या मॅनिफोल्डला माझा विरोध आहे. ॲल्युमिनियमचं हेड (इंजिनाचा वरचा भाग, ज्याला मॅनिफोल्ड बसतो) तेवढ्याच उष्णतेत बिडाच्या जवळपास दुप्पट फुगतं. दर वेळी गाडी तापली-निवली की दोन्ही फेस एकमेकांवर सरकतात. तांबं एकदा दबलं की दबलं, परत उसळत नाही. पत्र्याच्या थरांना उठाव दिलेले असतात, ते स्प्रिंगसारखे उसळून फट धरून ठेवतात.

लेथवाला काका:
उसळतील, पण किती? फेसवर स्टीलची सरळ पट्टी ठेवा आणि खालून फीलर गेजची (फट मोजायच्या ठरावीक जाडीच्या पत्त्यांचा जुडगा) पत्ती घाला. 0.1 मिमीची पत्ती सहज आत जात असेल तर कुठलाही पत्रा कमी पडेल. फीलर गेज सियागंज बाजारात मिळतं, महाग नाही. आधी मोजा, मग पॅकिंगवर भांडा.

सुदामानगर:
एवढा खर्च कशाला? लाल सिलिकॉन पेस्ट लावा, मी सायलेन्सरच्या मागच्या जोडाला लावलीय, छान चाललंय.

पीथमपूर शिफ्ट:
मागच्या जोडाला चालेल, तिथे धूर बराच निवलेला असतो. पोर्टपाशी 600-700 अंश सहज जातात आणि लाल पेस्ट साधारण 340 पर्यंतची. ती जळून गळणारच. शिवाय ऑक्सिजन सेन्सरच्या (धुरातला ऑक्सिजन मोजणारा) आधी फट राहिली तर बाहेरची हवा आत ओढली जाते, सेन्सरला मिश्रण पातळ (पेट्रोल कमी, हवा जास्त) वाटतं आणि गाडीचा कॉम्प्युटर पेट्रोल वाढवतो. ॲव्हरेज गेलं की लोक इंजेक्टर साफ करत बसतात. ग्राफाइटच्या पॅकिंगचंही तेच बघा. मॅनिफोल्डखालून निघणाऱ्या डाउनपाइपच्या जोडाला झकास, पण 450 अंशांच्या पुढे हवेत उघडं पडलं की झिजत जातं. पोर्टला लावायचंच तर आत स्टीलचा गाभा असलेलं घ्या.

रामबागवाला:
मॅनिफोल्ड काढला. पट्टी लावली, दोन्ही टोकांना 0.2 ची पत्ती शिरतेय. काकांचं हे म्हणणं मान्य, फेस मारून (मशीनवर घासून सपाट करून) घेतो. पण तांबं मात्र नाही. फेस सपाट झाल्यावर तांब्याची गरजच उरत नाही.

लेथवाला काका:
मला अजूनही तांबंच बरं वाटतं. असो, गाडी तुमची. फेस मारताना चारही पोर्ट एकाच सेटिंगमध्ये, म्हणजे मशीनवर एकदाच बांधून, घ्यायला सांगा, सुटे-सुटे नको. गंजलेले स्टड (हेडमध्ये बसवलेले, नट लावायचे आट्यांचे दांडे) परत वापरू नका, हेडमध्ये तुटला तर ड्रिल मारून काढायला दिवस जातो. नट मधल्यापासून बाहेरच्या बाजूला, दोन-तीन फेऱ्यांत, टॉर्क रेंचने (ठरावीक जोरानेच आवळणारा पाना) कसा. आणि पट्टी हेडच्या फेसवरही लावून बघा, तुम्ही फक्त मॅनिफोल्डच मोजलाय.